शंभराव्या सभेचा टी-शर्ट: विकायचा कुणी?

पार्श्वभूमी

वीज आणि नियंत्रण क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या एका संस्थेची शाखा नागपुरात आहे. मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत. मी या शाखेचा जुना सभासद, पण समितीत नव्हतो. सगळं पार पडल्यावर समितीने पत्रव्यवहार, बिलं आणि मागणीचे फॉर्म माझ्याकडे दिले आणि पुढच्या समितीला उपयोगी पडेल असं लिहून ठेवायला सांगितलं. हे तेच टिपण.

शाखेच्या वर्षाला चार तांत्रिक सभा होतात. कोराडी, खापरखेडा आणि मौद्याच्या वीज केंद्रांतले लोक येतात, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत देखभाल सांभाळणारे येतात, कॉलेजांतले प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाची मुलं येतात. पंचवीस वर्षं हे चालू आहे, त्यामुळे शंभरावी सभा जवळ आली होती. ती जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दोन दिवसांची घ्यायची ठरलं. चंद्रपूर, अमरावती, भिलाईहूनही लोक येणार होते. अडीचशे ते तीनशे जण धरले होते.

टी-शर्टची कल्पना एका तरुण सभासद मॅडमची. इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफ या संघटनेच्या बैठकांना टी-शर्टची जुनी रीत आहे, हे त्यांनी वाचलं होतं. त्या संघटनेची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगोला २१ जणांत झाली. आज वर्षाला तीन बैठका होतात, आणि जुन्या बैठकांचे टी-शर्ट लोक वर्षानुवर्षं जपून वापरतात. आपल्या शंभर सभांचं असं काहीतरी अंगावर असावं, एवढीच मॅडमची इच्छा होती. आपल्या शाखेने यापूर्वी एकदाच टी-शर्ट वाटले होते. ते प्रायोजकाचे होते, पाठीवर त्याचं नाव वीतभर मोठं होतं, आणि नंतरच्या कुठल्याही सभेत ते कुणाच्या अंगावर दिसले नाहीत.

अडचण कुठे सुरू झाली

मॅडमनी सचिवांना विचारलं, "सर, मी माझ्या पैशांनी छापून घेते आणि सभेत विकते. तुम्ही फक्त नोंदणी केलेल्यांची यादी द्या." सचिव हो म्हणाले. तोंडी. त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही, कारण या मॅडम दहा वर्षं सभेच्या खुर्च्या मांडण्यापासून वक्त्याला स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं करत आल्या आहेत.

मग त्यांनी सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर नमुन्याचं चित्र, किंमत आणि स्वतःच्या यूपीआय खात्याचा क्यूआर कोड टाकला. तासाभरात एका ज्येष्ठ सभासदाचा निरोप आला: संस्थेचं बोधचिन्ह वापरून खासगी धंदा करायला परवानगी कुणी दिली? त्याखाली दोन-चार जणांनी नुसते अंगठे दाखवले. कुणी मॅडमना फोन करून विचारलं नाही. तोवर काही लोकांनी पैसे पाठवूनही झाले होते.

त्या निरोपाची भाषा बोचरी होती, आणि ती मला आजही पटत नाही. प्रश्न मात्र खरे होते, आणि एकात एक गुंतलेले होते. बोधचिन्ह मुख्य संस्थेचं, त्याच्या वापराला मुख्य कार्यालयाची लेखी संमती लागते. यादी लोकांनी सभेला येण्यासाठी दिलेल्या माहितीची. ती विक्रीसाठी वापरायची का? पैसे एका सभासदाच्या खात्यात जमा होतात, मग उरलेले कुणाचे आणि कमी पडले तर कुणी भरायचे? या तिन्हींचं उत्तर मागणी सुरू होण्याआधी कागदावर असतं, तर तो निरोप आलाच नसता.

समितीने दोन दिवसांत बैठक लावली. मॅडमनी तोवर आलेले सगळे पैसे परत केले होते.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सोपा वाटणारा: सभाशुल्कातच टी-शर्ट धरायचा. नगामागे तीनशे रुपये म्हटले तर तीनशे लोकांचे ९०,००० होतात, आणि शुल्क तेवढं वाढतं. विद्यार्थ्यांचं शुल्कच मुळात कमी ठेवलेलं. ज्याला टी-शर्ट नको त्यानेही पैसे भरायचे, हे कुणालाच रुचलं नाही. हा मार्ग लवकर बाजूला पडला.

दुसरा: शाखेने विकत घ्यायचे आणि शाखेनेच विकायचे. बहुतेकांना हेच सरळ वाटत होतं. "संस्थेचा टी-शर्ट संस्था विकणार, त्यात कोणाला काय बोलायचं आहे?" कोषाध्यक्षांनी इथे लोकांना थांबवलं, आणि त्यांचं म्हणणं सविस्तर द्यायला हवं, कारण अशा शाखा चालवणाऱ्या बहुतेकांच्या ते ध्यानात येत नाही.

शाखेचा स्वतःचा पॅन नाही, ती मुख्य संस्थेच्या पॅनवर चालते. जीएसटीसाठी उलाढाल मोजतात ती एका पॅनखालची देशभरातली एकूण. त्यामुळे 'आपली उलाढाल ती केवढीशी' हे शाखेला म्हणता येत नाही. मुख्य संस्था तिच्या राज्यात नोंदलेली होती. नागपुरात टेबल मांडून माल विकायचा तर महाराष्ट्रातली नोंदणी, बिलं, विवरणपत्रं हे सगळं मागे लागणार, दोनशे टी-शर्टसाठी. दुसरी बाजू आयकराची. सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट असलेल्या धर्मादाय संस्थेला व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, तो व्यवहार मूळ उद्दिष्टाच्या कामातूनच आलेला असावा लागतो आणि त्याच्या वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. रक्कम लहान असल्याने मर्यादा ओलांडायची भीती नव्हती. पण मुख्य कार्यालयाच्या लेखापरीक्षकाला उत्तरं देत बसायचं काम होतं, आणि ते काम कोषाध्यक्षांच्या एकट्याच्या अंगावर येणार होतं.

तिसरा मार्ग म्हणजे मॅडमनीच विकायचे, पण लेखी परवानगी घेऊन. चौथा: छपाईवाल्यानेच थेट विकायचे. ज्याला हवा त्याने छपाईवाल्याकडे पैसे भरायचे, बिल त्याच्याकडून घ्यायचं. शाखेने फक्त नाव वापरायला संमती द्यायची आणि मॅडमनी जुळवाजुळव करायची. पाचवा मार्ग मागणीनुसार एकेक नग छापून घरी पाठवणाऱ्या संकेतस्थळांचा. त्यात माल उरत नाही, पण किंमत जास्त पडत होती आणि सभेच्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर टी-शर्ट असेल याची खात्री नव्हती.

निर्णय: पैशांची वाट

समितीने चौथा मार्ग घेतला. इतवारीतले एक छपाईवाले तयार झाले; त्यांची जीएसटी नोंदणी होती आणि प्रत्येकाला बिल द्यायची तयारी होती. या किमतीच्या टी-शर्टवर जीएसटी ५ टक्के. ती धरून जी किंमत येईल तीच सभासदाने द्यायची, वर एक रुपयाही नाही, असं ठरलं.

यावर खरा वाद झाला. नगामागे पन्नास रुपये जास्त घ्यावेत आणि ते विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चासाठी ठेवावेत, अशी एका सदस्याची सूचना होती. हेतू उत्तम. पण वरचे पन्नास रुपये आले की ते कुणाचे हा प्रश्न आला, म्हणजे फिरून पहिल्याच जागी. शेवटी मागणीच्या फॉर्मखाली एक ओळ घातली: विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी देणगी द्यायची असल्यास ती संस्थेच्या खात्यात वेगळी भरावी, पावती मिळेल. देणगी आणि विक्री यांच्यात स्पष्ट भिंत राहिली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

मॅडमच्या खात्यातून पैसा जाऊ न देण्याचा निर्णय त्यांना सुरुवातीला लागला. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं त्यांनी विचारलंही. सचिवांनी जे उत्तर दिलं ते बैठकीच्या टिपणात आहे: ज्या माणसाच्या खात्यात पैसा आलाच नाही, त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. मला हे मनापासून पटतं. स्वयंसेवकाला अशा कामात पैसे मिळत नाहीत, मिळतो तो चार लोकांतला मान. तो सांभाळणं समितीचं काम आहे, आणि 'आमचा तुमच्यावर विश्वास आहे' एवढं म्हणून ते होत नाही.

निर्णय: यादी

यादी कुणालाच द्यायची नाही असं ठरलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं मुख्य तत्त्वच हे आहे की ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी. कायदा बाजूला ठेवला तरी, सभेसाठी फोन नंबर दिला आणि कपड्याची जाहिरात आली, तर पुढच्या वेळी माणूस नंबर देताना विचार करेल. सचिवांनी सभेच्या नेहमीच्या सूचनापत्रात टी-शर्टबद्दल दोन ओळी आणि फॉर्मचा दुवा घातला. ज्याला रस होता तो स्वतःहून गेला. दुसरं स्मरणपत्र पाठवायचं नाही असंही ठरवलं होतं. मागणीवर त्याचा परिणाम झाला असणार, पण तक्रार एकही आली नाही.

निर्णय: बोधचिन्ह आणि चित्र

बोधचिन्हाच्या संमतीसाठी मुख्य कार्यालयाला पत्र गेलं. इकडे छपाईवाल्या भाऊंनी वेगळाच धाक घातला. "मॅडम, माल तिरुपूरहून येते. पोंगलच्या आधी गाडीत नाही चढला तर मग फेब्रुवारीच समजा." जानेवारीच्या मध्यावर तमिळनाडूतल्या तिरुपूरचे कारखाने पोंगलसाठी बंद होतात, कामगार गावी जातात आणि परतायला वेळ लागतो. म्हणजे मागणीचे आकडे डिसेंबरातच पक्के हवेत. ज्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, त्या नागपूरला आज दोनशे टी-शर्टसाठी तिरुपूरच्या सुट्टीकडे बघावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. पण होजिअरीचा धंदा तिकडेच एकवटला आहे हे खरं.

संमती वेळेत आली नाही. समितीपुढे दोन पर्याय होते: संमती येईलच असं धरून बोधचिन्ह छापायचं, किंवा ते काढून टाकायचं. त्यांनी काढून टाकलं. शाखेचं नाव वापरण्यापुरती परवानगी आधीच्या एका पत्रात होती, तेवढ्यावर भागवलं. टी-शर्टच्या पुढच्या बाजूला एका विद्यार्थिनीने काढलेलं चित्र आलं: नागपुरातला शून्य मैलाचा खांब, आणि त्याच्या पायापासून चारी दिशांना फुटणारी वीजवाहिन्यांची सिंगल लाइन आकृती, म्हणजे सगळ्या तारांऐवजी एकेका रेघेने दाखवलेला नकाशा. पुढे संमतीचं पत्र आलं तेव्हा त्यात अट होती की बोधचिन्ह मूळ रंगांतच हवं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई गाळणारी जाळी, लागते. आपलं चित्र दोन रंगांत बसलं होतं. ती अट पाळायची तर आणखी दोन स्क्रीन, म्हणजे किंमत वाढलीच असती.

पाठीची कथा वेगळी. मॅडमना शंभरही सभांचे विषय मागे छापायचे होते. नमुना आला तेव्हा अक्षरं इतकी बारीक झाली होती की जाळीत शाई भरून मात्रा एकमेकींना चिकटल्या आणि अनुस्वार नाहीसे झाले. 'तंत्र'चं 'तत्र', 'संरक्षण'चं 'सरक्षण'. अभियंत्यांच्या पाठीवर असं जाणं कुणालाच चालणार नव्हतं. अक्षर मोठं करायचं तर विषय बारा. आता शंभरातले बारा कुठले? या बैठकीला मी पाहुणा म्हणून हजर होतो आणि शाखेचा इतिहास मी इतक्या जिव्हाळ्याने बोलला गेलेला कधी ऐकला नव्हता. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळलं, त्यावरची सभा हवीच, यावर एकमत झालं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला मिळालं, त्यावरची सभाही आली. ट्रान्सफॉर्मर तेलाच्या चाचणीवरची सभा एका निवृत्त सरांनी हट्टाने आत घातली, कारण त्या सभेत शिकलेल्या गोष्टीने त्यांच्या केंद्रातला एक ट्रान्सफॉर्मर वाचला होता. अर्थिंगवर तीन सभा झाल्या होत्या. तिन्हींची मिळून एक ओळ केली.

निर्णय: मापं

फॉर्मवर एल की एक्सएल असं विचारायचं नाही, हे भाऊंनीच सुचवलं. एका ब्रँडचा एल दुसऱ्याच्या एम एवढा असतो. घरातला अंगाला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि इंच लिहा, अशी सूचना फॉर्मवर गेली. डिसेंबरात समितीने छोटी बैठक घेतली तेव्हा प्रत्येक मापाचा एकेक नमुना टेबलावर ठेवला होता. लोकांनी शर्टावरूनच घालून पाहिले. कापड १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम), पूर्ण सुती. पॉलिएस्टर स्वस्त पडत होतं, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात ते कोण घालणार? सुती होजिअरी पहिल्या धुण्यात थोडी आटते, म्हणून काठावरच्या मापाला पुढचं माप घ्या असंही लिहिलं.

महिला सभासदांनी वेगळ्या कटाची मागणी केली. एकच पुरुषी कट सगळ्यांना 'युनिसेक्स' म्हणून द्यायचा हे त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. भाऊ तीस नगांच्या खाली वेगळा कट करायला तयार नव्हते. तीस भरायला चार-पाच कमी पडत होते. कापड एकाच रंगाच्या लॉटमधून निघणार असल्याने शेवटी त्यांनी ते मान्य केलं.

काय घडलं

माल सभेच्या चार दिवस आधी आला. दोनशेच्या थोड्या वर टी-शर्ट होते, सगळे आधी पैसे भरलेल्यांचे. भाऊंचा मुलगा टेबल लावून बसला, प्रत्येकाला बिलासह पुडकं दिलं. पुरुषांच्या मापांत बदलाबदली फारशी झाली नाही. महिलांचा कट एक माप लहान निघाला. नमुने पाहिले होते ते फक्त पुरुषांच्या कटाचे. महिलांचा नमुना वेळेअभावी मागवलाच नव्हता. काहींनी आपसांत बदलून घेतले, काहींना भाऊंनी नंतर दुसरे करून दिले.

पैशांच्या ताळमेळात तीन रकमा अडकल्या. यूपीआयने पैसे भरताना मागणी क्रमांक लिहा असं सांगितलं होतं, या तिघांनी लिहिला नव्हता, आणि त्यातल्या दोघांचे पैसे त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या खात्यांतून आले होते, त्यामुळे नाव जुळेना. बँकेचा संदर्भ क्रमांक मागवून त्या मिटवल्या.

मोठी नाराजी बाहेरगावच्या लोकांची. सभागृहात सगळ्यांच्या अंगावर तो टी-शर्ट पाहून भिलाई-चंद्रपूरकडचे लोक टेबलाशी येत होते आणि रिकाम्या हाताने परतत होते. जास्तीचे नग आधीच छापून ठेवायचे की नाही यावर समितीत चर्चा झाली होती. उरलेला माल भाऊ परत घेणार नव्हते, समितीला विकत घ्यायचा नव्हता, आणि मॅडमनी तो स्वतःच्या खर्चाने उचलण्याची तयारी दाखवली तेव्हा समितीने नाही म्हटलं. ते नाही म्हणणं योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी टेबलावरच नवी वही उघडली: पन्नास मागण्या झाल्या तर परत छापतो, कुरिअरचा खर्च वेगळा. पन्नास भरल्या.

देणगीच्या ओळीवरून आलेले पैसे अपेक्षेपेक्षा बरे होते. आणि ज्या ज्येष्ठ सभासदांनी पहिला निरोप टाकला होता, त्यांनीही टी-शर्ट घेतला. समारोपाच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर मॅडमचं नाव घेऊन आभार मानले. गटावरचा तो निरोप मात्र त्यांनी काढलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सचिवांचा पहिला तोंडी होकार हीच सगळ्याची सुरुवात. अर्ध्या पानाचं पत्र पुरलं असतं: नाव कशासाठी वापरणार, पैसे कुणाकडे जाणार, यादी मिळणार नाही, किंमत कशी ठरणार. पुढच्या वेळी ते पत्र झाल्याशिवाय गटावर काही टाकायचं नाही, असं आता शाखेच्या कामकाजाच्या नोंदवहीत आहे.

दुसरं वेळेचं. जानेवारीच्या सभेसाठी बोधचिन्हाचं पत्र नोव्हेंबरात गेलं. ते दिवाळीआधी जायला हवं होतं, म्हणजे उत्तर येवो न येवो, निर्णय घाईत घ्यावा लागला नसता. महिलांच्या कटाचा नमुनाही मग मागवता आला असता. बाहेरगावच्यांसाठी मागणीची मुदत वेगळी ठेवावी का, याबद्दल समितीत अजून दोन मतं आहेत. माझ्या मते सभेच्या दिवशी टेबलावर दुसऱ्या फेरीची वही पहिल्या तासापासूनच उघडी ठेवली तर पुरेसं आहे, मात्र ती कल्पना भाऊंना आधी देऊन दर ठरवून घ्यायला हवा.

एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. चित्र ज्या विद्यार्थिनीने काढलं, तिच्याशी काहीच लिहून घेतलं नव्हतं. सभेनंतर भाऊंनी विचारलं, शून्य मैलाचं ते चित्र दुकानात इतर टी-शर्टांवर छापू का, गिऱ्हाईक विचारतात. स्क्रीन त्यांच्याकडे, पण चित्र तिचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगार वा मोबदला न घेता काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराचाच असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. समितीने भाऊंना थांबायला सांगितलं आणि विद्यार्थिनीला दोन पर्याय दिले: शाखेच्या पुढच्या सभांपुरती परवानगी, किंवा भाऊंशी स्वतंत्र करार करून नगामागे काही रक्कम. तिने दुसरा निवडला आहे. मसुदा कोषाध्यक्ष करत आहेत, आणि तिची सत्र परीक्षा संपली की सह्या होतील.